सेटचा शेट

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला गावभर ‘सेट’ म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर येतं. तो दात बनवतो. तोंडातले सगळे दात गेले की वरखाली जी जोडी बसवतात तिला लोक कवळी म्हणतात, पण हा शब्द त्याच्या दुकानात काढायची सोय नाही. “कवळी म्हातारे लावतात,” तो म्हणतो, “आमच्याकडे सेट मिळतो.” दारावरच्या पाटीवर तसंच आहे, ‘दातांचे सेट’. खाली बारीक अक्षरांत काहीतरी खरडलंय. ते दुरून ‘डॉक्टर’ असं वाचता येतं आणि जवळ गेलं की काहीच वाचता येत नाही. पाटी रंगवणाऱ्याला त्याने तसंच सांगितलं होतं.

माणसाला जगायला किती शब्द लागतात? याला एक पुरला. बाकीचे त्याने भाड्याने आणलेल्या खुर्च्यांसारखे वापरले आणि काम झालं की परत केले. सकाळी केस पाण्याने चापून बसवले की केस सेट. दुकान तपासायला आलेल्या साहेबाला आतल्या खोलीत बसवून, हसवून बाहेर काढला की साहेब सेट. भिंतीला ओल आली, तिच्यापुढे कपाट सरकवलं, भिंत सेट. माझी बहीण लग्नानंतर वर्षभर रडत होती, मग रडायची थांबली. तेव्हा तो मला म्हणाला होता, “मास्तर, तुमची ताई आता सेट झाली.” ताईनेही पुढे तोच शब्द उचलला. ती तो सपाट आवाजात म्हणते, जेवणाची ताटली पुसताना म्हणावा तसा.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे या शब्दाची जबाबदारी कशी कोण जाणे माझ्यावर आली. एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो खुर्चीत रेलून दात कोरत होता. तेव्हा त्याला स्वतःचे दात होते, पण दातांचा धंदा करणाऱ्याच्या तोंडात कोणी पाहत नाही म्हणून त्याने ते किडू दिले होते.

“मास्तर, तुमच्या इंग्रजीत सेट म्हणजे नक्की काय हो?”

मी म्हटलं, बघून सांगतो. शाळेतल्या सगळ्यात जाड कोशात पाहिलं तर या तीन अक्षरांचं बिऱ्हाड पानंच्या पानं पसरलेलं. सूर्य मावळतो तो सेट होतो. मोडलेलं हाड जागेवर आणतात ते सेट करतात. गिलावा घट्ट होतो तो सेट होतो. अंगठीत खडा, घड्याळात गजर, उंदरासाठी सापळा, जेवणाचं टेबल, सगळीकडे हाच. मुळाशी गेलं तर गोष्ट साधी होती. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणं, आणि ‘सेट’ म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणं. आपलं ‘बसवणं’ जसंच्या तसं. मात्र कपबश्यांचा सेट, माणसांचा सेट, हा जो घोळका अर्थाचा सेट आहे त्याचं रक्त बरंचसं वेगळं. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता कोणाच्या तरी मागे चालणं. चेहरे सारखे दिसले म्हणून दोघांना लोकांनी एकाच पाटीखाली राहायला लावलं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, किंवा मला तसं वाटलं.

“म्हणजे एका अर्थी बसवणं,” तो म्हणाला, “आणि दुसऱ्या अर्थी मागे चालणारे.”

“साधारण तसं.”

“मग बरोबर आहे. मी बसवतो, लोक मागे चालतात.” आणि दात कोरायची काडी त्याने दुसऱ्या बाजूला नेली.

विद्या कुठे सांडू नये हे मला त्या दिवशी कळलं. पण तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. आपल्याकडे तरी बसण्याला कुठे अंत आहे? विश्वास बसतो आणि धक्काही बसतो. संसाराची घडी बसते ते चांगलं, घसा बसतो, धंदा बसतो ते वाईट. आणि या सगळ्यांपासून दूर, एका कोपऱ्यात, हात बसतो. कामाचं वळण बोटांत उतरतं आणि मग बोटं डोक्याला विचारत नाहीत. मेहुण्याने आयुष्यभर सगळ्यांना बसवलं. त्याचा हात तेवढा कधी बसला नाही.

हात बसला तो त्याच्या मुलीचा. ही माझी भाची. शाळा सुटली की ती दुकानाच्या मागच्या खोलीत यायची; घराचं दारही त्याच खोलीत उघडतं. त्या खोलीत एक लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, उकळत्या पाण्याचं भांडं, घासायचं यंत्र, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. गावातली निम्मी तोंडं तिथे पांढरी होऊन उघडी पडलेली. भाची गुलाबी मेण दिव्यावर ऊन करायची, साच्यावर त्याची कमान उभी करायची, आणि त्यात एकेक दात बसवायची. समोरचा दात केसभर तिरका, कारण सरळ ओळीतले दात खोटे दिसतात. साचे एका बिजागरीच्या सांगाड्यात अडकवून वरचा जबडा खालच्यावर टेकवायची, कान जवळ नेऊन टक् असा आवाज ऐकायची. दोन्हीकडून एकदम आला पाहिजे. मेणात सगळं जमलं की मगच मेण काढून त्या जागी पक्का मसाला भरायचा. मेणात चूक सुधारता येते. पक्क्यात नाही.

बाप पुढच्या खोलीत लोकांशी बोलायचा. कोणी म्हणालं की काय छान बसलाय हो सेट, तर तो मान खाली घालायचा, अगदी विनयाने. मुलगी मागून ऐकत असायची.

रस्त्यापलीकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, खऱ्या. त्यांना कोणतं काम कोणाच्या हातचं हे ओळखू येत होतं. दूरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दात बनवणारं माणूस हवं होतं. बाईंनी भाचीचं नाव सुचवलं आणि तिकडून होकार आला. भाची माझ्याकडे आली, चपला न काढता दारातच उभी राहिली.

“मामा, मला जायचंय.”

“घरी सांगितलंस?”

“सांगितलं. बाबा म्हणाले, तुझं सेट झालंय.”

सेट झालं होतं ते दातवाल्याच्या मुलाशी. दातवाला म्हणजे सगळ्या भागात कारखान्याचे तयार दात पुरवणारा व्यापारी. मेणाच्या पट्टीवर रांगेने चिकटवलेले, फिक्यापासून पिवळ्यापर्यंत सगळ्या छटांचे दात त्याच्याकडून येत. त्याचा मुलगा वाईट नव्हता. तो काहीच नव्हता. बापाच्या गाडीत बसून खिडकीबाहेर बघणारा मुलगा. मी भावोजींना गाठलं.

“भावोजी, पोरीचा हात चांगला आहे. तिला जाऊ द्या.”

“मास्तर, दातवाल्याची सून झाली की जन्मात दातांचा तोटा नाही. तिलाही आणि मलाही.”

“तिचं मन नाही.”

“तुमच्या ताईचं कुठे होतं?” तो म्हणाला आणि हसला. पुढे गर्वाच्या भरात, ताई समोर आणि भाची दारात असताना, त्याने ते वाक्य टाकलं: “येऊ दे दातवाल्याकडच्यांना तुला बघायला. ते नाही म्हणाले तर जा खुशाल, मी अडवणार नाही. पण नाही म्हणायचे नाहीत. मी सेट केलंय.”

एव्हाना त्याचे स्वतःचे दात संपले होते. डॉक्टरीणबाईंनी एकेक करून सगळे काढले, हिरड्या भरून आल्या, आणि गालफडं आत गेलेला तो माणूस आता व्याह्यांसमोर बसायचं म्हणून नवं तोंड मागत होता. सेट भाचीच करणार होती. तिच्या हातचाच हवा असं तो म्हणाला नाही. “रिकामीच आहेस तर करून टाक,” असं म्हणाला.

या माणसाच्या जबड्याबद्दल सांगायला हवं. तरुणपणी कधीतरी त्याला कोणीतरी सांगितलं असावं की जबडा पुढे असला की माणूस वजनदार दिसतो. तेव्हापासून तो खालचा जबडा ड्रॉवरसारखा पुढे ओढून बोलतो. एकटा असला की ड्रॉवर आपोआप आत जातो. कोणी आलं की पुढे.

सेट करताना सगळ्यात नाजूक काम म्हणजे जबडे मिटून पाहणं. मेणाच्या दोन पट्ट्या तोंडात ठेवायच्या आणि माणसाला सहज मिटायला सांगायचं. तो जिथे मिटतो तिथे दात भेटतात. मी त्या दिवशी मागच्या खोलीत होतो.

“बाबा, मिटा. सहज.”

त्याने जबडा पुढे काढून मिटला.

“पुढे आलाय. मागे घ्या.”

“हा असाच आहे.” तोंडात मेण असल्यामुळे त्याचा आवाज रांजणातून यावा तसा येत होता.

“असा नाहीये. तुम्ही काढताय.”

“मला माझा जबडा शिकवतेस?”

“जीभ टाळूला लावा, मग मिटा.”

त्याने जीभ लावली, मिटला, जबडा पुढेच. मी खिडकीबाहेर पाहत होतो. हसू आलं असतं तर भाचीची पंचाईत झाली असती.

“बाबा, यावर केलं तर बसणार नाही. तुम्ही विसरलात की जबडा मागे जाणार, आणि मागे गेला की फक्त पुढचे दात टेकणार. सेट उचकटेल.”

“बसव म्हणतो ना. सेट आहे.”

तिने मेण थंड पाण्याने घट्ट केलं आणि खूण करून ठेवलं. मग दुसऱ्या ताज्या पट्ट्या त्याच्या तोंडात ठेवल्या आणि तोंडातलं पाणी गिळायला सांगितलं. त्याने गिळलं. तिने पट्ट्या काढून पुसल्या आणि वेगळ्या ठेवल्या.

तो गेल्यावर मी विचारलं, “हे कशाला?”

“गिळताना जबडा जिथे जायचा तिथेच जातो, मामा. गिळताना कोणाला ऐट करता येत नाही.”

पहिल्या खुणेवर तिने बापाने सांगितला तसा सेट केला, मसाला भरून, घासून, चकाचक. दुसऱ्यावर एक मेणातच उभा करून फळीवर ठेवला. मी विचारलं, हा कोणासाठी? तर म्हणाली, “कोणासाठी नाही. बरोबर बसलेला एकदा बघायचा होता.”

दातवाला आला, बायको आणि मुलाला घेऊन. घर पुसून घेतलं होतं, ओलीच्या भिंतीपुढचं कपाटही पुसलं होतं. ताईने ठेवणीतल्या कपबश्या काढल्या, ज्यांना अर्थातच तो टी-सेट म्हणतो. मेहुणा नवं तोंड घालून मधल्या खुर्चीत बसला. गाल भरले होते, ओठ वर आले होते. पहिली दोन-चार वाक्यं त्याने जबडा पुढे धरून नीट काढली. मग चहा आला, त्याने घोट घेतला आणि गिळला.

ड्रॉवर आत गेला.

त्यानंतर त्याच्या तोंडात वरचा सेट मागून सुटून लोंबू लागला आणि जिभेला नेमकी जागा मिळेना. ‘स’ सांडला.

“आपलं शगळं ठरलेलंच आहे,” तो दातवाल्याला म्हणाला, “माझ्या बाजूने एकदम शेट.”

दातवाला खूश झाला. “शेट वगैरे काय म्हणता, आपण घरचेच.”

“नाही नाही, शेट म्हणजे, शून म्हणून तुमच्या घरात शेट.”

मुलाने खिडकीतून नजर काढून पहिल्यांदा आत पाहिलं. दातवाल्याची बायको रुमालाने ओठ पुसू लागली. पुसायला तिथे काही नव्हतं. पण दातवाला कितीही झालं तरी दातांचा माणूस. तो पुढे वाकला.

“सेट नवा दिसतोय. मागून टेकत नाही. कोणी केला?”

इथे मेहुण्याने एकच वाक्य बोलायला हवं होतं: ‘माझीच चूक, मी ऐकलं नाही.’ किंवा नुसतं गप्प बसायला हवं होतं. फुकट होतं ते. त्याने दाराकडे, मुलीकडे हात केला.

“हिने. शिकतेय अजून.”

दातवाल्याने समजूतदारपणे मान हलवली. “हात बसायला वेळ लागतो. आमच्याकडे आली की काही करायला नकोच म्हणा.”

मी ताईकडे पाहिलं. ती बशी पुसत होती, कोरडी बशी. भाची वळली आणि मागच्या खोलीत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती मेणाचा सेट ओंजळीत घेऊन आली आणि बापासमोर उभी राहिली.

“बाबा, तोंड उघडा.”

सवयीचं वाक्य होतं ते, दुकानातलं, गिऱ्हाइकाला सांगायचं. म्हणूनच बहुधा त्याचं तोंड उघडलं. तिने आतले वरखालचे दोन्ही भाग काढून बशीत ठेवले आणि मेणातले दोन बसवले.

“मिटा. चावू नका, मेण आहे. फक्त बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. सेट म्हणा.”

“सेट,” तो म्हणाला. स्वच्छ. ‘स’ पाण्यासारखा.

दातवाल्याने उठून, परवानगी न विचारता, मेहुण्याचा ओठ अंगठ्याने बाजूला केला आणि आत पाहिलं. मग बशीतला चकाचक सेट उचलून उलटसुलट केला. “हा तुम्ही जबडा पुढे काढून दिलात,” तो म्हणाला, “आणि ती म्हणाली असेल, काढू नका.”

“म्हणाली होती,” ताई म्हणाली. लग्नानंतर चारचौघांत तिने नवऱ्याविरुद्ध काढलेला हा पहिला शब्द असावा. म्हणून झाल्यावर तिने बशी खाली ठेवली.

“हात बसलाय पोरीचा,” दातवाला म्हणाला. “कारखान्यात असा हात मिळत नाही.”

“तुम्हाला हात हवाय की सून?” त्याची बायको म्हणाली. “सख्ख्या बापाला चारचौघांत तोंड उघडायला लावते. आपल्या घरात कोणाकोणाची उघडायला लावेल?”

दातवाल्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने खांदे उडवले. बाईने पर्स उचलली. जाताना दातवाला मेहुण्याला म्हणाला, “माल नेहमीसारखा येईल, काळजी नको,” आणि मेहुण्याला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलेलं दिसलं.

गाडी गेल्यावर त्याने मेणाचा सेट थुंकल्यासारखा हातात काढला. “मुद्दाम केलंस.”

“पहिला तुम्ही सांगितला तसा केला. दुसरा तुम्ही गिळलात तसा.” मग ती म्हणाली, “ते नाही म्हणाले, बाबा. तुम्ही म्हणाला होतात.”

तो माझ्याकडे वळला. मी ऐकलंय, असं मी म्हटलं. ताई म्हणाली, तिनेही ऐकलंय.

भाची गेली. जाताना मेणाचा सेट साच्यावर चढवून फळीवर ठेवला आणि सांगून गेली की डॉक्टरीणबाईंकडे द्या, त्या पक्का करून आणवतील, तोवर घालू नका. त्याने दिला नाही. दिला असता तर पहिला चुकला हे रस्त्यापलीकडे कळलं असतं. तो चुकलेलाच सेट वापरतो. तो बसावा म्हणून त्याला आता जबडा सतत पुढे धरावा लागतो, जेवताना, दाढी करताना, एकटा असतानाही. चाळीस वर्षं जे सोंग त्याने हौसेने केलं ते आता सक्तीचं झालंय. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळी तो कानशिलं चोळत बसलेला दिसतो आणि मी दुसऱ्या रस्त्याने जातो.

जरा लक्ष सुटलं की ‘स’ सांडतो. त्यामुळे लोक त्याला आता ‘शेट’ म्हणतात. त्याला वाटतं त्याचा मान वाढला. वाटो.

परवा मी ताईकडे गेलो होतो तेव्हा भाचीचा फोन आला. त्याने तो ताईच्या हातातून घेतला.

“तुझं ते मेण कच्चं होतं,” तो म्हणाला. “जरा घालून पाहिला तर दात शरकले.”

मी दारातून मागच्या खोलीतल्या फळीकडे पाहिलं. मेणाच्या कमानीतले पुढचे दात बाहेरच्या बाजूला आडवे झाले होते, वाऱ्याने कुंपण झुकावं तसे. म्हणजे याने दुकानात कोणी नसताना तो घातला होता. एकदा का होईना, त्याला तो स्वच्छ शब्द पुन्हा हवा झाला असणार. तेवढं श्रेय मी त्याला देतो. आणि मग आरशात स्वतःकडे पाहून, स्वतःवर छाप पाडायला, याने जबडा पुढे काढला असणार.

फोनमधून भाचीचा आवाज मला ऐकू आला. ती रागावली नव्हती. मागे तिथल्या घासायच्या यंत्राची घरघर चालू होती.

“पुढे काढलात ना, बाबा?”

“काही पुढेबिढे नाही. शेट होता.”

“बरं,” ती म्हणाली. “आईला द्या.”